नागिणीवरच्या गोळ्या

मरोळ गावठाणातल्या फिलिपच्या घरी फौजदार सहदेव पोचला, तेव्हा ओट्यावर जमलेली माणसं एकच बोलत होती : नागिणीनं तोंड-शेपूट जुळवलं, म्हातारा फिलिप गेला.

डॉक्टर जयंतीबाईंना ते पटलं नव्हतं. मृत्यूचा दाखला न देता त्यांनीच पोलिसांना बोलावलं होतं.

"नागिणीनं कुणी असं झोपेत मरत नाही." त्यांनी चादर बाजूला केली. पाठीपासून बेंबीपर्यंत, डाव्या अंगाला, फोडांचा लालभडक पट्टा होता. "यातना मात्र भयंकर. सदऱ्याचा स्पर्शही सोसवत नव्हता. म्हणून दुखण्यावर जालीम गोळ्या दिल्या. बजावलं होतं, यांच्यावर दारू घेतलीत तर झोपेतच श्वास थांबेल."

"कुणाला बजावलंत?"

"त्यालाच. दवाखान्यात एकटा आला होता."

उशाशी गोळ्यांची पट्टी, अर्धी रिकामी. खाटेखाली दारूची बाटली.

सहदेवनं मुलाला, ग्रेगरीला, मागच्या अंगणात नेलं.

"बाटली कुणी आणली?"

"मी." ग्रेगरीची मान वर होईना. "काल संध्याकाळी डॅडी रडत होता, साहेब. त्याला रडताना कधी बघितलं नव्हतं. म्हणाला, दोन घोट दे, आईला सांगू नको. दारू सोडली म्हणून तिच्यापुढं शपथ घेतली होती ना त्यानं."

"आणि गोळ्या?"

"घेतच नव्हता. आईला सांगायचा, पित्त होतं. तिनं बळेच दिली तर गालात धरून मागं जाऊन थुंकायचा."

"थुंकल्या त्या एक-दोन. मग अर्धी पट्टी रिकामी कशी?"

"मला नाही माहीत. आईशप्पथ, मी नाही दिल्या!"

आत ग्रेगरीची आई, ऑलिव्हबाय, चुलीपाशी बसली होती. तोंडात दात नव्हता; पान कुटून खाल्ल्याशिवाय तिचा तास जात नसे. आज ओठ पांढरेफटक होते. पानाचा खलबत्ता घासून पालथा घातला होता.

"काल काय जेवले?"

"पेज. कडू लागते म्हणाला. गूळ घातला मग."

सहदेवनं ग्रेगरीला हाक मारून आत बसवलं. हे बोलायला त्याची जीभ रेटत नव्हती.

"बाय, काल तुम्ही खलबत्त्यात पान नाही कुटलंत. गोळ्या कुटल्यात. नवरा त्या थुंकतो, हे तुमच्या लक्षात आलं होतं."

"आलं होतं." तिनं सरळ वर बघितलं. "लवकर आराम पडावा म्हणून जास्तच घातल्या. काल पहिल्यांदा तो ओरडला नाही, साहेब. मला वाटलं, लागला डोळा."

"या गोळ्यांवर दारू घेतली तर झोपेतच श्वास थांबतो, ही डॉक्टरांची ताकीद फिलिपनी तुम्हा दोघांनाही सांगितली नाही. बाटली तुमच्यापासून लपवली. आपण गोळी घेतलेलीच नाही, या भरवशावर ते प्याले. त्या पेजेवर दारू पडली, बाय."

ऑलिव्हबायला कळायला वेळ लागला. मग तिनं मुलाकडं बघितलं. "तू आणलीस?"

ग्रेगरीनं तिच्या मांडीवर डोकं टाकलं आणि हुंदके देऊ लागला.

त्याच्या केसांवरून फिरवायला तिनं हात उचलला. तळव्याकडं बघत राहिली. हात तसाच अधांतरी राहिला.