दादाची खोली

गिऱ्हाइकाची डिस्क हातात असताना फोन उचलायचा नाही, हा माझ्याच दुकानातला नियम. तो मीच मोडला, तोही घरच्याच डिस्कवर.

वहिनी दादाचा कॉम्प्युटर घेऊन आल्या होत्या. "भाऊजी, माझ्याकडची जागा संपलीय. तेवढी वाढवून द्या. यांच्या खोलीला मात्र हात लावू नका हं."

खोली म्हणजे डिस्कचा अर्धा भाग. दादानं एकाच डिस्कवर दोन सिस्टिम घातल्या होत्या. चालू केलं की यादी यायची: वहिनी, दादा. ज्याचं नाव निवडाल त्याचा भाग उघडणार. दादाच्या भागात आजारपणात त्यानं वहिनींसाठी बोलून ठेवलेलं रेकॉर्डिंग होतं. दादा गेल्यापासून वहिनी रोज त्यातलं थोडं थोडं ऐकायच्या.

डिस्क काढून मी दुकानातल्या मशीनला जोडली. त्या मशीनला दादाची सिस्टिम वाचता येत नाही. न वाचता येणारा भाग दिसला की ते मख्खपणे विचारतं, फॉरमॅट करू का? फोनवर एक गिऱ्हाईक डोकं खात होतं. त्याच्यावर खेकसता खेकसता मी 'हो' दाबलं.

दादाचा भाग क्षणात पुसला गेला. परत मिळवायचे सगळे उपाय केले. एक शब्द हाती लागला नाही. मग मी त्याहून वाईट केलं. ती मोकळी जागा वहिनींच्या भागाला जोडून टाकली. काम चोख दिसत होतं. लाज वाटली, पण हात थांबला नाही.

यादी डिस्कच्या वेगळ्याच कोपऱ्यात असते, त्यामुळे तिच्यात 'दादा' तसंच होतं. निवडून पाहिलं. असा भाग सापडत नाही, असं उत्तर आलं. यायलाच हवं होतं. ते नाव खोडायचा मात्र मला धीर झाला नाही.

"दादाचं आता बहुतेक उघडणार नाही," कॉम्प्युटर परत देताना मी वहिनींना म्हटलं. "डिस्क म्हातारी झालीय."

संध्याकाळी त्यांचा फोन. "काहीतरीच बाई तुमचं! उघडलं की."

मी तसाच गेलो. पडद्यावर दादानं लावलेला माशांचा फोटो होता. कोपऱ्यातलं घड्याळ बरोबर चालत होतं. मी डिस्कचा नकाशा उघडला. एकच भाग, वहिनींचा. दादाच्या भागाचा मागमूस नव्हता.

"हे एक नवीनच दिसतंय," वहिनी म्हणाल्या.

फाइलवर तारीख आजची. वहिनींनी ती लावली.

आधी खोकला. बोलण्याआधी दादा नेहमी खोकायचा.

"अगं, त्याला रागावू नकोस. मुद्दाम नाही केलं त्यानं."

रेकॉर्डिंग संपलं.

वहिनी माझ्याकडे वळल्या. "कशाबद्दल म्हणतायत हो हे?"

मी फाइल बंद केली.

स्पीकरमधून पुन्हा खोकला आला.

"सांग की रे, छोट्या."