थांबलेलं तेवढं दिसतं

शनिवारी सकाळी मृणालिनी गर्दे काशीच्या चौकातल्या दुकानात बिस्किटांचा डबा घ्यायला गेली. दुकानदारानं कुठली बिस्किटं विचारली, तर म्हणाली, "कोई भी दे दो भैया, बस ढक्कन टाइट होना चाहिए." त्यानं सहा डबे काढले. तिनं प्रत्येकाचं झाकण लावून, उघडून, उजेडाकडे धरून पाहिलं आणि पाच डबे नापास केले. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात पंचवीस वर्षं काढलेली बाई. बाहीतल्या चिठ्ठ्या पकडण्यात निम्मा जन्म गेलेला, त्यामुळे डबासुद्धा तिला विश्वासावर घेता येत नव्हता.

घरी येऊन तिनं बिस्किटं वाटून टाकली, डबा आतून काळा रंगवला आणि एका बाजूला सुईनं बारीक भोक पाडलं. झाला कॅमेरा. भोकासमोर, डब्याच्या आतल्या बाजूला फोटोचा कागद लावायचा, भोकावर चिकटपट्टी लावायची, घाटावर डबा टेकवून पट्टी काढायची आणि वाट बघायची. कडक उन्हात दोन मिनिटं पुरतात. जानेवारीच्या धुक्यात वीस लागतात.

हे खूळ तिच्या बाबांचं. शिवरामशास्त्री गर्दे संस्कृतचे मास्तर होते, पण तरुणपणापासून जीव कॅमेऱ्यात. काशीतल्या सात-आठ मराठी हौशी माणसांचं 'रविवार मंडळ' त्यांनीच जमवलं होतं. सगळ्यांकडे महागडे मोबाइल, तरी दर रविवारी ही मंडळी डबे घेऊन संकठा घाटावर जमायची. संध्याकाळपर्यंत कागद धुवून ग्रुपवर टाकायचे. नियम एकच होता. उलटा उमटलेला कागद मोबाइलवर सुलटा करायचा, त्यापलीकडे हात लावायचा नाही. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा तिच्या स्वयंपाकघरातले रिकामे डबे याच मंडळींनी कौतुकानं वाटून घेतले होते. अनिशला हिंगाचा डबा मिळाला. अनिश म्हणजे साताऱ्याहून बदली होऊन आलेला, बँकेतला तिशीचा अधिकारी. बाबांचा फार लाडका.

नव्या माणसाला बाबा नेहमी सांगत, "ह्या डब्याला चालतं माणूस दिसत नाही हो. थांबलेलं तेवढं दिसतं." आणि ते खरंच होतं. घाटावर शेकडो माणसं असोत, वीस मिनिटांच्या फोटोत घाट ओस पडलेला दिसायचा. बाबा स्वतःही कधी नीट उमटले नाहीत. कंपवातानं त्यांचे हात अखंड थरथरत. प्रत्येक फोटोत ते म्हणजे पायरीवरचा एक धुरकट डाग. घरात मात्र त्यांचा पत्ता कानाला लागायचा. चहा घेताना कपबशीची बारीक किणकिण चालू असे, आणि मृणालिनीला ती ऐकल्याशिवाय चार वाजले असं वाटतच नसे.

तीन रविवारांपूर्वी अनिशनं त्या हिंगाच्या डब्यानं काढलेला एक फोटो ग्रुपवर टाकला. नेहमीसारखा ओस घाट. पण देवळाखालच्या तिसऱ्या पायरीवर एक बाई बसलेली. काळी चंद्रकळा, गुडघ्यावर हात, पदराचा काठसुद्धा मोजून घ्यावा इतका स्पष्ट. वीस मिनिटांत तिनं मान हलवली नव्हती. श्वाससुद्धा घेतलेला दिसत नव्हता.

बाबांनी मोबाइल डोळ्यांशी नेला आणि एकच शब्द बोलले. "अन्नपूर्णा."

मृणालिनीची आई. दर संक्रांतीला तीच चंद्रकळा नेसून ती त्याच पायरीवर बसायची.

त्या दिवसापासून बाबांनी ताळतंत्र सोडलं. रोज दुपारी बारा वाजता काठी टेकत घाटावर जायचे आणि तिसऱ्या पायरीवर, डावीकडे, एका माणसाची जागा सोडून बसायचे. धुकं, गार वारा, वय एकोणऐंशी. आठवड्यात खोकला छातीत उतरला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की असंच चाललं तर फेब्रुवारी बघणार नाहीत.

"बाबा, किती ठंड आहे! घरी बसा ना."

"परेशान करू नकोस, मिनू. तिथे कुणी वाट बघत बसलंय, आणि मी इथे रजईत बसू?"

मृणालिनीचा जीव तळतळला. बाबांवर रागावून उपयोग नव्हता, म्हणून सगळा राग अनिशवर गेला. कारण एक गोष्ट तिला पक्की आठवत होती. दिवाळीत हाच अनिश आईचा जुना अल्बम स्कॅन करायला म्हणून घरी घेऊन गेला होता. त्यात संक्रांतीचे फोटो होते. एकाच कागदावर दोन फोटो घेणं या लोकांना काय अवघड? बाबांच्या जुन्या जपानी कॅमेऱ्यावर त्याचा डोळा होता हेही तिनं पाहिलं होतं. म्हाताऱ्याला रडवायचं, खूश करायचं आणि कॅमेरा पदरात पाडून घ्यायचा. चिठ्ठी बाहीत होती, फक्त हात धरायचा राहिला होता.

तिनं त्याला एकट्याला गाठलं.

"अनिश, मला सीधं सांग. आईचा फोटो वापरलास ना?"

तो पांढरा पडला. "नाही, ताई... शपथ."

"मग ती बाई कोण?"

"मला माहीत नाही." त्यानं आवाज खाली आणला. "मी वीस मिनिटं डब्याशेजारी उभा होतो. त्या पायरीवर कुणीच नव्हतं. आणि ताई... त्या दिवसापासून मी तो डबा घरात ठेवलेला नाही. गच्चीवर ठेवलाय."

नाटकी मेला, असं मनात म्हणत ती परतली. म्हणून हा नवा डबा. आईच्या हाताचा नाही, अनिशच्या हाताचा नाही. कागद नवा, तिनंच अंधारात लावलेला. झाकणाभोवती चिकटपट्टी आणि पट्टीवर तिची आडवी सही, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर करायची तशी. या डब्यात आई आली नाही, की बाबांना दाखवायचं आणि घाटावरून उठवून घरी आणायचं.

रविवारी बारा वाजता तिनं तिसऱ्या पायरीसमोर डबा मांडला. बाबा नेहमीच्या जागी बसले. पांढरं धोतर, पांढरा स्वेटर. अनिशला तिनं स्वतःजवळ उभं केलं आणि हात खिशात घालायला लावले. मग पट्टी काढली.

धुकं इतकं दाट होतं, की गंगा नुसती ऐकू येत होती. वल्ह्यांचा चुबुक चुबुक आवाज, कुठेतरी घंटा, ओल्या लाकडाचा धूर. माणसं धुक्यातून यायची आणि धुक्यात जायची. मृणालिनीनं पायरीवरची नजर एकदाही काढली नाही. बाबा दोनदा खोकले. एकदा टोपी सारखी केली. दोन्ही हात मांडीवर थरथरत होते, रोजच्यासारखेच. शेजारची जागा रिकामी होती. वीस मिनिटं रिकामीच राहिली.

"कुणी दिसलं तुला?" पट्टी लावताना तिनं विचारलं.

"नाही." अनिशनं खिशातून हात काढले. "त्या दिवशीही दिसलं नव्हतं."

कागद धुवायची खोली म्हणजे त्यांची न्हाणी. खिडकीला काळा कागद, दाराच्या फटीला सतरंजी, वर लाल बल्ब. बाबांना माजघरात बसवून तिनं चहा दिला, अनिशला त्यांच्याजवळ ठेवलं आणि आतून कडी लावली. सही तपासली. जशीच्या तशी होती. पट्टी सोडवून झाकण काढलं, आणि हात तिथेच थबकला.

डब्यातून हिंगाचा वास आला.

तिनं पुन्हा हुंगलं. बिस्किटांचा डबा. काल रंगवलेला. रंगाचा वास यायला हवा होता. कपड्यांना लागला असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली आणि कागद औषधाच्या तबकात सोडला.

बाहेर किणकिण चालू होती.

कागदावर आधी आभाळ काळं झालं. इथे सगळं उलटं, पांढरं ते काळं, काळं ते पांढरं. मग पायऱ्या आल्या, एकेक राखाडी रेघ. मग तिसरी पायरी. बाबांच्या शेजारची जागा रिकामी होती. नुसता दगड. मृणालिनीचा श्वास सुटला. पकडला! आता अनिशला काय काय बोलायचं याची वाक्यंसुद्धा तिनं जुळवली.

मग बाबा उमटले. आणि ती वाक्यं विसरली.

बाबा स्पष्ट होते. नाकाचा शेंडा, स्वेटरची वीण, टोपीची घडी. डाग नव्हता, धूर नव्हता. डावा हात मांडीवर होता आणि त्याची पाचही बोटं मोजता येत होती. उजवा हात मांडीवर नव्हता. तो शेजारच्या रिकाम्या जागेवर, अधांतरी, स्थिर होता. बोटं अशी मिटलेली, की त्यांच्यात दुसऱ्या कुणाची तरी बोटं असावीत.

बाहेरची किणकिण थांबली.

"बाबा?" ती हळूच म्हणाली.

अनिशचा आवाज आला, अगदी दाराला लागून. "ताई... गुरुजींचा हात..."

"काय झालं?"

"थांबलाय. कप हातात आहे आणि... हलतच नाहीयेत. डोळे उघडे आहेत. छाती... ताई, मला छाती हललेली दिसत नाही."

तबकात बाबा अजून ठळक होत होते. कागद अजून पक्का झालेला नव्हता. पक्का व्हायला दुसऱ्या तबकात जायला हवा होता, आणि त्याआधी उजेड लागला तर चित्र मरतं, हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. तिनं विचार केला नाही. सतरंजी लाथेनं उडवली, कडी काढली आणि दार भिंतीवर आदळेपर्यंत उघडलं. दिवसाचा पांढरा उजेड तबकात पडला.

बाबांचा हात थरथरला. कप बशीवर वाजला, चहा धोतरावर सांडला. त्यांनी मोठा श्वास घेतला, खोकले आणि तिच्याकडे पाहू लागले. डोळे भरून आले होते.

"का गं उघडलंस?" ते म्हणाले. "किती दिवसांनी धरला होता हात..."

मृणालिनी त्यांच्या पायाशी बसून लहान मुलीसारखी रडली. आई आठवून रडली, बाबा परत आले म्हणूनही रडली. रडू ओसरल्यावर तिनं अनिशची माफी मागितली. पण त्याचं लक्ष नव्हतं. तो न्हाणीच्या दारात उभा राहून तबकाकडे बघत होता.

"ताई, उजेड लागला की कागद सगळा काळा होतो ना?"

"सगळा."

"मग हे काय?"

कागद कोळशासारखा काळा झाला होता. घाट गेला, बाबा गेले. फक्त एका जागी पांढरं राहिलं होतं. बसलेल्या बाईच्या आकाराचं, डोक्यावरून पदर घेतल्यासारखं.

मृणालिनीनं तो कागद औषधात ठेवून दोन तास उजेडात धरला. काळा झाला नाही. शेवटी बिस्किटाच्या डब्यात घालून, झाकणाला पट्टी लावून, वर सही केली. बाबा आता घाटावर जायचा हट्ट करत नाहीत. खोकलाही कमी आहे. जाऊ नका म्हटलं की नुसते हसतात.

काल तिनं डबा उघडून पाहिला. सही जशीच्या तशी होती. त्या पांढऱ्या आकृतीशेजारी, जिथे बाबा बसले होते तिथे, काळ्यात एक नवी पांढरी जागा झाली होती. हाताच्या पंजाच्या आकाराची.

चार वाजता तिनं चहा दिला आणि कान देऊन बसली. किणकिण होती, पण निम्मी. बशी धरलेला डावा हात थरथरत होता. कप धरलेला उजवा हात अगदी स्थिर होता. डॉक्टर म्हणाले, नव्या गोळ्या लागू पडल्या.