काठी धरणारा

तोडायच्या झाडांचे फोटो काढणं हे काही डोकं लागणारं काम नाही. रस्ता रुंद होणार होता, म्हणून प्रत्येक झाडाचा नंबर दिसेल असा एकेक फोटो हवा होता आणि उंची कळावी म्हणून शेजारी मापाची काठी धरलेला माणूस. काठी धरायला मी दादाला नेलं. आजारपणातून नुकताच उठलेला, घरात बसून नुसता कुढत होता. वहिनीचा जीव टांगणीला. दारातच म्हणाली, "भाऊजी, त्यांना नजरेआड होऊ देऊ नका."

आणि सकाळचे दहा वाजले तरी रानात हे धुकं. दहा पावलांवर दादा दिसेना, फक्त त्याची पांढरी काठी. मग आम्ही ठरवलं, फोटो निघाला की मी "झालं" म्हणायचं, त्याने "हं" म्हणून पुढच्या झाडाशी जायचं. तोवर जागचं हलायचं नाही.

चाळीसेक झाडं झाली. कुजक्या पाल्याचा वास नाकात बसला होता.

"झालं."

"हं."

पावलं मात्र वाजत नव्हती. पाला ओला आहे, कशी वाजणार, अशी मी स्वतःची समजूत घातली.

कॅमेऱ्याची बॅटरी संपली, म्हणून दुसरी आणायला गाडीकडे गेलो. पुढच्या सीटवर दादा बसला होता, काच चढवून.

"तू इथे?"

"चक्कर आली रे. अर्धा तास झाला. तुला सांगूनच आलो की... तू 'बरं' म्हणालास."

मी काहीच म्हणालो नव्हतो.

"मग काठी..."

"टेकवली तिथेच, झाडाला."

मी आत बसलो, किल्ली फिरवली. तेवढ्यात धुक्यातून आवाज आला. दमलेला. दादाचाच.

"झालं का रे?... पाय भरून आलेत. हलू का?"

मी शेजारी पाहिलं. दादा समोर बघत होता. कोण आहे, असं त्याने विचारलं नाही.

"चल," तो हळूच म्हणाला. "थांबू नकोस."

खोटं कशाला बोलू, माझी पार गाळण उडाली होती. मी गाडी पळवली. आरशात एकदाही बघितलं नाही.

याला तीन महिने झाले. दादा ठणठणीत आहे, गोळ्यासुद्धा सुटल्या. परवा वहिनीने मला स्वयंपाकघरात एकट्याला गाठलं. आधी नळ मोठा सोडला, मग अगदी जवळ येऊन म्हणाली, "भाऊजी... त्या दिवशी रानात कुणी मागे राहिलं नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि पुन्हा तेच विचारलं.