पाठीवरची रंगपट्टी

प्रयोगशाळेच्या टाकीतली गोगलगाय फिकी पडली होती, आणि तिच्याबरोबर डॉ. ऋजुता मोंडकरचा चेहराही.

ही बिनशंखाची समुद्री गोगलगाय, जेमतेम अंगठ्याएवढी. नऊ दिवसांपूर्वी घोडखडप या समुद्रातल्या खडकाच्या प्रवाळात सापडली तेव्हा तिच्या पाठीवर लाल, राखाडी, पांढरे चौकोन होते. असा जीव कुठेच नोंदलेला नव्हता, म्हणून ऋजुताने मोठ्या तोऱ्यात नवी जात जाहीर केली. नवी जात ठरली तर खडप वाचणार होतं. नाहीतर बंदराची कंपनी तिथून जहाजांचा मार्ग खोदणार. त्या परवानगीची सुनावणी चार दिवसांवर आली होती.

आता पाठ कोरी. किनारभर मिळते तीच साधी गोगलगाय.

"आजारी आसा काय ती?" दाजी तोडणकरांनी विचारलं. पाण्याखालचे सगळे फोटो तेच काढत.

"ठणठणीत आहे. दाजी, फोटो काढताना तुम्ही शेजारी काय ठेवता?"

"रंगपट्टी. पाणी लाल रंग गिळतां, मगे फोटोतले रंग जुळवूक..." दाजी बोलता बोलता थांबले. पट्टीवर लाल, राखाडी, पांढरे चौकोन होते. आणि रोज कोण ने-आण करणार, म्हणून दाजी ती खडपातच खोचून येत.

"हिला त्वचादृष्टी आहे," ऋजुता म्हणाली. "हिची कातडीच बघते. जवळ दिवसभर जे दिसेल ते पाठीवर उमटतं, दिसेनासं झालं की नऊ दिवसांत पुसलं जातं. आपण नवी जात नाही, आपलीच पट्टी शोधली."

तिला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त कुतूहल वाटत होतं. याची तिला जराशी लाजही वाटली.

"खडपाच्या बाहेरच्या अंगाला आपण कधी गेलोच नाही. तिथली एक आणाल? तिला काय दिसतं ते बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी दाजींनी डबा टेबलावर ठेवला. आतल्या गोगलगायीच्या पाठीवर पिवळे-काळे तिरके पट्टे होते, अगदी ठळक.

"असलो रंग खडपात नाय, बाय. गाळ काढूच्या यंत्राक असता."

परवानगीआधी आमचं एकही यंत्र खडपाजवळ गेलेलं नाही, असं कंपनीने शपथेवर लिहून दिलं होतं. ऋजुता पट्ट्यांकडे बघत राहिली. यंत्र गेल्या नऊ दिवसांतच तिथे उभं होतं, तेही दिवसभर.

दाजींनी कॅमेरा काढला आणि सवयीने डब्याशेजारी रंगपट्टी ठेवली. ऋजुताने त्यांचा हात धरला.

"पट्टी उचला, दाजी. साक्षीदाराला पढवायचं नाही."