डिझेलच्या टाकीवरची गाठ

"इट्स डेड अगेन," विराज म्हणाला.

तो गॅरेजच्या थंडगार फरशीवर पालथा पडून बॉयलरच्या लाल दिव्याकडे टक लावून बघत होता. त्याची मोठी बहीण धम्मदीना, म्हणजे घरातली दीना, हिनं वहीत लिहिलं : मंगळवार, दुपारी तीन चाळीस, बंद. शाळेला हिवाळ्याची सुट्टी होती. शेजारचा गंधार मांडी ठोकून बिस्किटं खात होता. पहारा देताना काहीतरी खावंच लागतं, असं त्याचं म्हणणं.

"आज कुणी हात लावला याला?" दीनानं विचारलं.

"माशीनंसुद्धा नाही. सकाळपासून आपण इथेच आहोत. तुमची आजी एकदा आली, ती मला बिस्किटं द्यायला."

"मग हे बाबांना सांगायचं."

सांगायलाच हवं होतं, कारण शनिवारी आजीचं विमान होतं.

न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या टेकडीवरचं त्यांचं घर अगदी वाऱ्याच्या तोंडावर होतं. घरभर ऊब पोचवायचा तो हा बॉयलर. तो डिझेलवर चालायचा, आणि डिझेलची टाकी होती घरामागे, कुंपणाला लागून. मे महिन्यात इथला हिवाळा सुरू झाला आणि बॉयलर रुसला. मधेच विझायचा, लाल दिवा लागायचा, आणि खोल्या इतक्या गारठायच्या की बोलताना तोंडातून वाफ यायची. आजीचा खोकला काही केल्या हटेना. दुरुस्तीवाला ग्रॅहम दोनदा आला. दोन्ही वेळा त्यानं टाकीचं झाकण उघडून, काठी घालून डिझेल मोजलं, फिल्टर पुसला, बटण दाबलं, आणि बॉयलर गुमान सुरू झाला. "यात काही बिघाड नाही. घरातलंच कुणीतरी बंद करत असेल," असं सांगून तो गेला.

झालं. बाबांचा संशय आजीवर. आजीनं एकदा खरंच स्विच बंद केला होता. सगळे बाहेर गेल्यावर रिकामं घर कशाला तापवायचं, म्हणून. फक्त एकदा. पण मोठ्या माणसांना एक कारण सापडलं की ती दुसरं शोधायच्या भानगडीत पडत नाहीत. "आई, तुला इथली थंडी झेपत नाही आणि यंत्रातलं कळत नाही. तू नागपूरला जा, तिथे ऊन आहे," असं म्हणून बाबा तिकीट काढून मोकळे झाले.

नागपूरला ऊन होतं, पण घरात कुणी नव्हतं. आजी आणि आबा जोडीनं वर्षभरासाठी आले होते, आणि एप्रिलमध्ये आबा इथल्याच हॉस्पिटलात वारले. आता आजी एकटी परत जाणार, आपल्या हातानं कुलूप उघडणार, एका माणसापुरता चहा टाकणार. दीनाच्या डोळ्यांसमोर हे सारखं यायचं.

संध्याकाळी तिनं बाबांपुढे वही धरली.

"मधे जेवायला गेला असाल ना?" कोट काढता काढता बाबा म्हणाले.

"आळीपाळीनं गेलो."

"दीना, मला आजीवर रागवायचं नाहीये. पण यंत्र आपोआप बंद होत नसतं." आणि ते परत बटण दाबायला गेले.

आजीनं हे ऐकलं. ती बॅग भरत होती. आबांचा राखाडी स्वेटर तिनं घडी करून बॅगेत ठेवला होता, तो परत काढून अंगात घातला आणि पुढची घडी घालायला लागली.

बुधवारी तिघं वही घेऊन बसले.

"नुसतं बटण दाबलं तर किती वेळ चालतो?" गंधारनं विचारलं.

"थ्री मिनिट्स," विराज म्हणाला. त्याला मराठी सगळं कळायचं, पण बोलायचं इंग्रजीतच. मायबोली त्याच्या कानात होती, जिभेवर यायला लाजत होती.

"आणि काल सकाळी?"

"साडेसहा तास," दीनानं पानं उलटली. "सोमवारी सहा. काल आणि परवा बाबांनी टाकीत काठी घालून डिझेल मोजलं होतं. ग्रॅहम आला तेव्हाही तेच. गंधार, नुसतं बटण दाबलं तर तीन मिनिटं. झाकण उघडून बघितलं की सहा तास."

"म्हणजे बॉयलरला वाटतं, आपली कुणीतरी चौकशी केली."

"गप रे. झाकण उघडताना आवाज येतो का?"

"यस. हिस्सऽ," विराजनं सांगितलं. "लाइक अ फिझी ड्रिंक."

पण त्याचा अर्थ तिघांपैकी कुणालाच लागेना. तेवढ्यात आजीनं स्वयंपाकघरातून हाक मारली.

"या रे पोट्ट्यांनो. भजी करते. हा तेलाचा डबा फोडून द्या मले."

गंधार भज्यांचं नाव ऐकून आधी पोचला. त्यानं खिळा आणि हातोडी घेऊन डब्याला दणक्यात एक भोक पाडलं आणि डबा कढईवर तिरपा केला. तेल थोडं आलं, गुडगुडलं आणि थांबलं.

"काहून थांबला? दुसरं भोक पाड ना बाप्पा," आजी म्हणाली. "एका भोकानं तेल येत नाही. बाहेर तेल यायचं तर आत हवा नको जायला?"

गंधारनं दुसरं भोक पाडलं आणि तेलाची धार सुरळीत लागली. दीना त्या धारेकडे बघतच राहिली.

"आजी, भजी राहू दे," ती म्हणाली. "टाकीचं दुसरं भोक कुठेय?"

तिघं मागच्या दारानं धावले. झाकण तर घट्ट आट्यांचं, आत रबर बसवलेलं. त्यातून हवा जाणार कुठून? टाकीच्या वर, कुंपणाच्या बाजूला, हवा आत जाण्यासाठी एक लोखंडी नळी असायला हवी होती. होतीच. हाराकेके नावाच्या इथल्या झुडपाच्या उंच पातींमागे लपली होती. गंधारनं पाती बाजूला केल्या. नळीच्या तोंडावर पावाची प्लास्टिकची पिशवी दुहेरी करून चढवलेली होती, आणि तिच्यावर सुतळीचे सात-आठ वेढे घेऊन एक बारीक, चपटी गाठ मारलेली होती.

"सापडला चोर," गंधार म्हणाला. "हवा जाईना म्हणून डिझेल येईना. कोण शहाणा..."

त्याचं बोलणं अर्ध्यावर राहिलं, कारण दीना मटकन खाली बसली होती.

ती गाठ तिच्या ओळखीची होती. आबांनी नागपूरला कापडगिरणीत तीस वर्षं तुटलेले धागे जोडले होते. आजीच्या बॅगा, टमाट्यांचे वेल, विराजची तुटलेली जांदल, म्हणजे इथली रबरी चप्पल, सगळ्याला ते तीच गाठ मारायचे. आणि ही गाठ मारताना स्टूल धरून उभी होती ती दीना.

मार्चमधली गोष्ट. दोन दिवस वादळी पाऊस येणार, असं टीव्हीवर सांगत होते. नळीवरची टोपी कुठेतरी उडून गेली होती. "पाऊस आडवा मारते इथे. टाकीत पाणी घुसते बाप्पा," असं म्हणत आबा स्टुलावर चढले. उतरताना म्हणाले, "ऊन पडलं की सोडायची हे. मी विसरतो. तू आठवण कर बरं." दीनाच्या आवडीचा कार्यक्रम लागणार होता. ती "हो हो" म्हणाली आणि पळाली. पाऊस थांबला त्या दिवशी आबांच्या छातीत दुखायला लागलं.

"माझ्यामुळे झालं," दीना म्हणाली. रडू तिच्या आवाजात आलं होतं. "दोन महिने आजी थंडीत खोकतेय, तिच्यावर आळ आला, ते माझ्यामुळे."

गंधार उकिडवा बसला. थट्टा करायची ही वेळ नाही, एवढं त्यालाही कळत होतं. "हे बघ, आपण सुतळी कापू. बॉयलर चालेल. कुणाला काही सांगायचं नाही."

"मग बाबांना वाटेल, आजीनं खोड्या थांबवल्या म्हणून चालला. तिकीट तसंच राहील."

ती उठली, डोळे पुसले आणि आजीला बोलवायला गेली.

आजी मोज्यांवर जांदल घालून, हातातलं बेसन पदराला पुसत आली. तिनं पिशवी बघितली, मग गाठ बघितली. बोट लावलं आणि तिथेच ठेवलं.

"हे यांच्या हातचं," ती म्हणाली. तिनं बोट मागे घेतलं. मग म्हणाली, "रवीले, तुझ्या बाबाले, येऊ दे. त्याच्या समोरच सोडू."

साडेपाचला आईबाबा एकदमच घरी आले. दीनानं दोघांना थेट टाकीपाशी नेलं आणि एका दमात सगळं सांगितलं : वही, तेलाचा डबा, नळी, आणि शेवटी आठवण करायचं राहिलं तेही. शेवटचं सांगताना तिनं मान खाली घातली.

बाबांचा चेहरा पडला. "आई, मी उगाच तुला..." मग काहीतरी करायचं म्हणून त्यांनी खिशातला चाकू काढला.

"ठेव तो चाकू," आजी म्हणाली. "दीना, इकडे पाह्य. मलेही सांगतलं होतं त्यांनी. रात्री झोपताना. म्हणाले, बेबी, ती पिशवी सोडायची आठवण कर. मी म्हटलं, करते, झोपा आता."

वारा हाराकेकेत सळसळत होता.

"मलाही म्हणाले होते," आई हळूच म्हणाली. तिचं नाव विनिता, पण आबा तिला सूनबाईच म्हणायचे. "मी फोनवर होते. मान हलवली."

बाबांनी डोळ्यांवर हात धरला. "मला गाडीत सांगितलं होतं त्यांनी. मी ऐकलंच नाही. नुसतं हं म्हटलं."

विराज रडत होता. "आबांनी मला पण सांगितलं होतं," तो म्हणाला, आणि चक्क मराठीत म्हणाला. "मी म्हटलं, ओके आबा."

आपण विसरणार हे म्हाताऱ्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं घरातल्या एकूण एक माणसाला सांगून ठेवलं होतं, आणि एकूण एकानं हो म्हटलं होतं.

आजी स्टुलावर चढली. बाबांनी एका बाजूनं स्टूल धरलं, दीनानं दुसऱ्या बाजूनं. "गिरणीतली गाठ कापत नसतात," आजी म्हणाली. "शेपूट मागं ढकललं की सुटते. यांनीच शिकवलं मले." तिची थंडीनं आखडलेली बोटं दोनदा चुकली. कुणी घाई केली नाही. गाठ सुटली तसं तिनं वेढे एकेक करून उलगडले आणि पिशवी ओढून काढली. नळीतून हवा आत शिरली. तो लांब आवाज सगळ्यांनी ऐकला. मग आजी सुतळी मुठीत धरून मोकळेपणानं रडली. एप्रिलपासून ती कुणासमोर रडली नव्हती.

गॅरेजमध्ये बाबांनी बटण दाबलं. बॉयलर पेटला, आणि तीन मिनिटांनी विझला नाही. जेवणं झाली, भांडी झाली, तरी चालू होता. बाबा फोनवर तिकीट रद्द करत होते आणि मधूनच उठून लाल दिवा लागला का ते बघून येत होते.

दुसऱ्या दिवशी ग्रॅहमला फोन केला तेव्हा तो दिलगिरी व्यक्त करायला लागला. झाकण उघडताना येणारा आवाज त्यानंही ऐकला होता, पण विचार केला नव्हता. "त्या मुलांची डोकी माझ्यापेक्षा बरी चालतात," तो म्हणाला. "आणि तुमच्या वडिलांचं बरोबर होतं. टोपीशिवाय त्या वादळात टाकीत बादलीभर पाणी गेलं असतं."

हे ऐकून गंधारनं शाबासकी म्हणून भज्यांचा दुसरा घाणा मागितला आणि तो त्याला मिळालाही. बाबांनी दीनाला जवळ घेतलं. "तू गप्प बसू शकली असतीस," ते म्हणाले. "बसली नाहीस. मला हे जमलं नसतं, दीना."

शनिवारी विमान आजीशिवाय गेलं. त्या सकाळी बाबांनी नळीवर वाकड्या तोंडाची नवी टोपी बसवली आणि दीनानं स्टूल धरलं. आजी आबांच्या स्वेटरात दारात उभी होती. मनगटाला सुतळी बांधलेली, त्याच गाठीनं.

"टमाट्याचे वेल पावसाळ्याआधी, म्हणजे... तुमच्या इथे केव्हा लावतात बाप्पा ते?" ती म्हणाली. "हे म्हणत होते, यंदा लवकर लावू. आठवण करा मले."

दीनानं वही काढली. बाबांनी फोनमध्ये लिहिलं. आईनं फ्रिजवर चिठ्ठी चिकटवली. विराजला कागद सापडेना, म्हणून त्यानं पेनानं हातावरच लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी आंघोळीत पुसलं गेलं तेव्हा परत लिहिलं.