बारा माणसांची विहीर

ठण्... ठण्... ठण्...

खडकावर पडणाऱ्या सब्बलीचा तो आवाज जळबानं ऐकला, तेव्हा तो आठ वर्षांचा होता. गावच्या विहिरीला हात लावायची त्यांच्या वस्तीला बंदी होती. त्याची माय रुक्माबाई रिकामी घागर घेऊन दूर उभी राहायची. "पानी वाढा वं माय," म्हणत उन्हात ताटकळायची. कुणाला दया आली तर वरून धार पडायची. मग एका उन्हाळ्यात वस्तीतल्या बारा जणांनी ओढ्याकाठी स्वतःची विहीर खोदली. त्यानंतर माय कुणापुढं उभी राहिली नाही.

पुढं तलाव झाला आणि गाव उठून सेनगावच्या रस्त्याला गेलं. जुन्या गावात बाभळी माजल्या. आता भर दुपारीसुद्धा तिकडं कुणी फिरकत नसे.

म्हातारा जळबा आज गेला तो दिपासाठी. ती हिंगोलीची, कादंबरी लिहीत होती. त्यातल्या गावाला बाजार ‘जवळा बाजार’ गावचा, घरं पुसेगावची, अन् वेस, वाटा, विहीर इथली घ्यायची, असं तिनं ठरवलं होतं. सकाळपासून ती पावलांनी अंतरं मोजून वहीत नकाशा काढत होती.

दुपारी ती गावविहिरीच्या कठड्यावर टेकली. विहीर गाळानं भरलेली. नकाशाकडं बघत तिनं ओढ्याकाठच्या विहिरीचा गोल रबरानं खोडला.

"हे काहून पुसलं, लेकी?"

"एकच विहीर पुरे, बाबा. दोन झाल्या की वाचणारा गोंधळतो. माझं गाव मनचंच आहे ना!"

"गाव मनचं असंल. आमच्या लोकाईच्या हाताचे फोड मनचे नव्हते."

"मग तुम्हीच लिहा की," ती हसली.

"मला सहीपुरतंच येतं, बाई."

तेवढ्यात वारा पडला. होला पक्ष्यांचं घुमणं थांबलं. तापल्या मातीतून शेवाळाचा ओला वास आला... आणि मागून, अगदी हळू,

"पानी वाढा वं माय..."

दिपाचा हात थांबला. "बाबा... कोण आहे?"

जळबानं मान वळवली. बाभळींच्या सावलीत दहा-बारा बाया उभ्या होत्या. कमरेवर रिकाम्या घागरी. तेव्हा जेवढं अंतर सोडावं लागे, तेवढंच सोडून. सगळ्यांत पुढं रुक्माबाई.

"बाबा... चला इथून..."

"न्हाई."  त्याला उमगलं होतं. यांची विहीर कागदावरून गेली, म्हणून ह्या परत इथं आल्या. "मेल्यावरबी मागायचं? मी जिता हाय तवर न्हाई!"

त्यानं दिपाच्या हातातली पेन्सिल ओढली. खोडल्या जागी गोल काढला. वाकडा, पण इतका दाबून की कागद फाटायला आला.

"याच्यापाशी लिही. बारा मानसाईची हीर. लिही!"

दिपानं लिहिलं.

एकेक बाई वळली, ओढ्याकडं दिसेनाशी झाली. रुक्माबाई मात्र पुढं आली. ते अंतर ओलांडून थेट कठड्यापाशी. वाकून तिनं नकाशा निरखला. मग वहीचं पान उलटलं, अन् पुढच्या कोऱ्या कागदावर ओल्या बोटानं एक गोल काढला. त्याच्या बाजूला दुसरा. मग तिसरा, चौथा... पान भरेपर्यंत.

"माय," जळबानं विचारलं, "ह्या... कुनाच्या हिरी?"

रुक्माबाईनं त्या बिननावाच्या गोलांवर बोट ठेवून दिपाकडं एकवार पाहिलं. घागर कमरेवर घेतली, आणि ओढ्याकडं चालू लागली.