सातवी पायरी

तीर्थपुरीच्या मोसंबीच्या कोल्ड स्टोरेजवर कडूबा अकरा वर्षं मशीन सांभाळत होता. माणूस तोलूनमापून बोलणारा. भुताखेताच्या गप्पा निघाल्या, की तंबाखू मळत उठून जायचा.

तिथली एक खोली फोटोंची होती. स्टुडिओ बंद झाल्यावर तातेराव फोटोग्राफरनं पंचक्रोशीतली लग्नं, जत्रा, मेलेली माणसं डब्यांत भरून ठेवली होती. उन्हाळ्यात रंग उडतात, गारव्यात टिकतात, असं त्याचं म्हणणं. त्यातच कडूबाच्या लेकीचा, कांताचा एकुलता एक फोटो होता. नऊ वर्षांची पोर बारवेच्या सातव्या पायरीवर बसलेली, खाली दहाव्या पायरीला पाणी. त्याच पावसाळ्यात ती तापानं गेली.

गारवा काही वाऱ्यावर मिळत नाही. मशीनला रोज दोन टँकर पाणी लागायचं आणि बोअर होतं बारवेला लागून. दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात बारवेच्या वीस पायऱ्या उघड्या पडल्या.

शेजारची झुंबरबाई रिकामा हंडा घेऊन दाराशी आली.

"मोसंबी कवाच गेली. मंग मशीन कशापायी चालवून राह्यला? बंद कर बाबा."

"फोटू खराब होतेत, मावशी."

"जित्या माणसाला पाणी न्हाई अन् मेल्याला गारवा?"

कडूबा मान खाली घालून आत गेला. फोटो पाहिल्याशिवाय कांताचा चेहरा त्याला आता आठवतच नव्हता. हे मावशीला कोणत्या तोंडानं सांगणार?

त्यानं डबा उघडला. फोटोत पाणी नवव्या पायरीला आलेलं होतं. ओल धरली असेल म्हणून त्यानं फोटो शर्टाला पुसला. आठ दिवसांनी पाणी आठव्या पायरीला होतं. बारवेवर जाऊन पाहिलं, तर तिथं एकविसावी उघडी पडलेली.

योगायोग असंल, म्हणाला. मशीन चालूच ठेवलं. फोटो घरी न्यावा, तर पत्र्याखाली एका उन्हाळ्यात रंग उडणार.

मग पाणी कांताच्या घोट्याला लागलं. मग गुडघ्याला. चेहरा हसराच होता.

बाहेर हंड्यांची रांग वाढत गेली. कडूबा कुणाच्या नजरेला नजर देईना.

एका सकाळी पाणी तिच्या हनुवटीला टेकलं.

त्यानं खटका पाडला. अकरा वर्षांची घरघर थांबली.

दुपारी पुन्हा डबा उघडला. फोटोत बारव काठोकाठ भरलेली. कुणीच नव्हतं.

तो उघड्या पायानं बारवेकडं धावला. तळ कोरडा, भेगाळलेला. झुंबरबाई काठावर उभी होती.

"कुनाचं लेकरू उतरलं रे खाली?"

सातव्या पायरीपासून तळापर्यंत लहान, ओली पावलं उमटली होती. वर येणारं एकही नव्हतं.

दिवस कलला, तरी ती वाळली नव्हती.